सत्तावीस आणि पाच

लोकांची दुखणी माझ्या टेबलावर येतात ती फायलीत, टाचण्या मारून. कुणाच्या बापाचं हृदय, कुणाच्या बायकोचं मूत्रपिंड, कुणा शिपायाच्या पोराचा रक्ताचा कर्करोग. मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी एका सरकारी कचेरीत मी लिपिक आहे, आणि वैद्यकीय खर्चाच्या प्रतिपूर्तीची बिलं बघणं हे माझं काम. नमुने भरलेत का, डिस्चार्ज कार्ड आहे का, औषधांच्या पावत्यांवर डॉक्टरची सही आहे का, जिल्हा शल्यचिकित्सकाचा शिक्का आहे का. एक कागद कमी असला की बिल परत. बारा वर्षं झाली. काम चोख करते असं साहेबसुद्धा म्हणतात. माझ्याबद्दल साहेब चांगलं बोलतात अशी ही एकच गोष्ट.

हा कारभार चालतो महाराष्ट्र राज्य सेवा (वैद्यकीय देखभाल) नियम, १९६१ वर. त्यात खासगी दवाखान्यात गेलात तर १९ मार्च २००५ चा शासन निर्णय काढायचा. त्याला परिशिष्टं जोडलेली होती. एकात २७ आकस्मिक आजार, दुसऱ्यात ५ गंभीर आजार. हृदयाची शस्त्रक्रिया, बायपास, अँजिओप्लास्टी, मूत्रपिंडाचं प्रतिरोपण, रक्ताचा कर्करोग, हे पाच. आमच्या कचेरीत कुणाच्या घरी दुखणं आलं की "कसं हाय आता?" हा प्रश्न नंतर. पहिला प्रश्न, "सत्तावीसमधलं हाय का पाचमधलं?" माणसं असली विचित्र प्रार्थना करतात, की दुखणं यायचंच तर यादीतलं येवो.

मी ना सत्तावीसमध्ये, ना पाचमध्ये.

अनुसूचित जातीच्या कोट्यातून २०१० साली मी नोकरीला लागले तेव्हा सेवापुस्तकात पुरुषाचं नाव होतं. बाप मोंढ्यात हमाल. माय दुसऱ्याच्या रानात खुरपायला, रान नसलं तर सडकेवर खडी टाकायला. भीमनगरात पत्र्याचं घर. घरातली पहिली सरकारी नोकरी म्हणून अख्ख्या गल्लीनं पेढे खाल्ले. पेढे खाताना गल्लीला ठाऊक होतंच मी कोण ते. गल्लीला सगळं ठाऊक असतं. लहानपणी मला आरोळी मारायचे ती नपुंसकलिंगात, "ते आलं बघ." मराठी भाषा मोठी बेरकी आहे. "ते आले" म्हणलं की साहेब. "ते आलं" म्हणलं की कुत्र्याचं पिल्लू, नायतर मी. एक मात्रा काढून अनुस्वार ठेवला की झालं.

१५ एप्रिल २०१४ ला सुप्रीम कोर्टाचा नालसा निकाल आला. जयंतीचा दुसरा दिवस. आदल्या रात्री मिरवणुकीत नाचून पाय सुजलेले, कानामागचा निळा रंग निघाला नव्हता, आणि कचेरीतल्या पेपरात वाचलं की तृतीयपंथी हेही या देशाचे नागरिक आहेत, त्यांना राज्यघटनेतली १४, १५, १६, १९ आणि २१ ही कलमं लागू आहेत. ती कलमं आम्हाला लहानपणापासून पाठ. विहारात पोरं पाढे म्हणल्यासारखी म्हणतात. पण त्यातलं "कुठलाही नागरिक" म्हंजे मीपण, हे त्या दिवशी पहिल्यांदा छापून आलेलं बघितलं.

मग २०१९ चा कायदा झाला, १० जानेवारी २०२० पासून लागू. त्या कायद्याच्या बाकी भानगडींबद्दल आपल्या पोरापोरींनी पुष्कळ मोर्चे काढले, ते बरोबरच काढले. मी मात्र तो कारकुनासारखा वाचला. कारकून कलम वाचताना क्रियापद बघतो. "करील" आहे का "करू शकेल" आहे? कलम १५ मध्ये "करील" होतं. सरकार लिंगबदल शस्त्रक्रियेची आणि संप्रेरक उपचारांची सोय करील, आधी-नंतर समुपदेशन देईल, आणि या खर्चासाठी सर्वसमावेशक विमा योजनेची तरतूद करील. शस्त्रक्रिया, संप्रेरकं, लेझर आणि इतर कुठलंही आरोग्याचं दुखणं. सगळं शब्दात होतं. कधी करील, कोणत्या खात्यातून, किती रकमेपर्यंत, ते नव्हतं. बारा वर्षं बिलं बघितलेल्या माणसाला अशा कलमाची किंमत कळते. लेखाशीर्ष नसलेलं बिल कोषागार घेत नाही.

२०२१ मध्ये मी जिल्हाधिकाऱ्याचं प्रमाणपत्र काढलं. २०२२ मध्ये शस्त्रक्रिया करून घेतली, खासगी दवाखान्यात, दुसऱ्या शहरात. माझी नेमणूक २००५ नंतरची, म्हणजे भविष्य निर्वाह निधीतून काढायला पैसा नाही. कर्मचारी पतसंस्थेचं २,४०,००० रुपयांचं कर्ज घेतलं. दर महिन्याला ६,३२० रुपये पगारातून कापून जात होते. कर्जाच्या अर्जावर कारण लिहावं लागतं, तिथं "घरदुरुस्ती" लिहिलं. खोटं नव्हतं ते फार.

परत आल्यावर बिल तयार केलं. आपलं बिल आपल्या टेबलावर चालत नाही, म्हणून शेजारच्या टेबलाकडे दिलं. असं नीटनेटकं बिल त्या कचेरीत कुणी दिलं नसेल. पानांना क्रमांक, पावत्या तारखेवार, वर कलम १५ ची झेरॉक्स. अकरा दिवसांनी त्रुटीपत्र आलं. सदर शस्त्रक्रिया शासन निर्णयाच्या परिशिष्टात समाविष्ट नाही. तसेच सदर बाब ऐच्छिक व सौंदर्यविषयक स्वरूपाची असल्याने देयक अमान्य करून परत करण्यात येत आहे. मी साहेबांकडे गेले. साहेबांचा एक गुण सांगते, ते माझ्याशी बोलताना क्रियापदच गिळतात. "बसा" म्हणत नाहीत, खुर्चीकडे हात करतात. ते म्हणाले, "हे बघा, ही हौस. आता हौसेचं बिल सरकारनं..." आणि पुढचं क्रियापद गिळलं.

हौस!

पहाटे चारला उठून गल्ली जागी व्हायच्या आत दाढीचे खुंट काढायचे, ही हौस. ज्या शरीरात राहायचं त्याकडे पंचवीस-तीस वर्षं बघायचं टाळायचं, आंघोळीला दिवा मालवायचा, ही हौस. कचेरीत मुतारीला जायची सोय नाही, बायका बाहेर काढतात आणि पुरुषांत जाववत नाही, म्हणून सकाळी नऊ ते संध्याकाळी साडेसहा पाण्याचा घोट घ्यायचा नाही, ही माझी हौस. असं पाणी न पिऊन पिऊन उद्या मूत्रपिंड गेलं तर मात्र मी पाचमध्ये बसते. तेव्हा सरकार देईल. मूत्रपिंड जायच्या आधी काही देणार नाही.

माझ्या बाजूच्या टेबलावरच्या बाई चांगल्या आहेत. त्या म्हणाल्या, "आजार आहे असं लिहून आण की डॉक्टरकडून. मानसिक आजार म्हण." इथं खरी मेख आहे. आजार म्हणलं तर वेडी ठरते, आजार नाही म्हणलं तर बिल नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये आजारांच्या आपल्या यादीची अकरावी आवृत्ती मंजूर केली, ती जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात हे मानसिक आजारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात नेलं. यादीतून उडवलं नाही. का, तर उडवलं असतं तर उपचाराचा हक्क गेला असता. जिनिव्हातल्या डॉक्टरांना कळलं ते आमच्या आस्थापना शाखेला कळायला किती दिवस लागावेत?

आणि आजार नसला तर सरकारनं द्यायचं नाही, हे कुणी ठरवलं? बाळंतपण आजार आहे का? नाही. कुठलीच बाई म्हणणार नाही की मी नऊ महिने आजारी होते. तरी रजा मिळते, रजेचा पगार मिळतो. हे आकाशातून पडलं नाही. १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात प्रसूती लाभाचं बिल आलं, तेव्हा त्याच्या बाजूनं उभे राहिलेल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. आक्षेप हाच होता की गिरणीमालकावर बोजा पडतो. बाबासाहेबांचं म्हणणं, की बाईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणं यात देशाचं हित आहे, आणि ज्याअर्थी मालक तिच्या श्रमावर फायदा काढतो त्याअर्थी भार त्यानंही सोसला पाहिजे. पुढच्याच वर्षी, १९२९ ला, मुंबई प्रांताचा कायदा झाला. १९४२ ते ४६ ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात खाणीतल्या बायांच्या प्रसूती लाभाच्या कायद्यात दुरुस्ती झाली, कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखायला १९४३ मध्ये बी. पी. अडारकरांना नेमलं, त्यातून १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा उभा राहिला. आपण बाबासाहेबांचे फोटो लावतो ते कोट, टाय आणि घटनेचे. मजूरमंत्री बाबासाहेबांचा फोटो मला कुठल्या मिरवणुकीत दिसला नाही. दिसला असता तर कामगाराच्या अंगाचा खर्च ही त्याची खासगी भानगड नाही, हे आपल्या पोरांना जास्त लवकर उमजलं असतं.

ऑगस्ट २०२२ मध्ये आमच्या शिपाईमामांनी पेपरातलं कात्रण आणून माझ्या काचेखाली सारलं. आयुष्मान भारत टीजी प्लस. केंद्राच्या सामाजिक न्याय खात्याचा आणि राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाचा करार, प्रमाणपत्र असलेल्या प्रत्येक तृतीयपंथी व्यक्तीला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार, शस्त्रक्रियेसकट. मामा म्हणाले, "बाई, झालं तुमचं काम." मामा मला बाई म्हणतात. ते निवृत्त होणार आहेत, मग अख्ख्या कचेरीत मला बाई म्हणणारं कोण राहील कुणास ठाऊक. कात्रण मी खालपर्यंत वाचलं. केंद्राच्या किंवा राज्याच्या दुसऱ्या योजनेतून असा लाभ ज्यांना मिळत नाही, त्यांच्यासाठी. म्हणजे मी तिकडे गेले तर ते म्हणणार, तुम्ही सरकारी नोकर, तुमचं सरकार बघेल. माझं सरकार म्हणतं, परिशिष्टात नाही. पाणवठ्यावरनं हाकलताना गावं असंच करायची. हा पाणवठा तुमचा नाही, तुमचा पलीकडं. पलीकडं गेलं की पलीकडची म्हणायची, तुमचा अलीकडं.

आता कुणी म्हणेल, यादी २००५ ची, तिला कोण हात लावणार? लावतात. २०२० मध्ये कोविड आला आणि त्याच वर्षी कोविडचा समावेश आकस्मिक आजारांत झाला. मीच ती बिलं काढली. साहेबांच्या घरी कोविड येतो म्हणून यादी वाढते. साहेबांच्या घरी माझ्यासारखं कुणी जन्मत नाही, निदान जन्मलेलं सांगत नाहीत.

खर्चाची भीती घालतात. तर खर्चाचं ऐका. आपल्या पँथरनं १९७२ मध्ये नाव घेतलं ते अमेरिकेतल्या काळ्या पोरांच्या पँथरचं. तेव्हापासून आपण तिकडच्या लढ्यांकडे बघत आलो, म्हणून हेही बघितलं पाहिजे. सॅन फ्रान्सिस्को शहरानं २००१ मध्ये आपल्या महापालिका नोकरांच्या विम्यात हे उपचार घातले. पुष्कळ लोक येतील या भीतीनं प्रत्येक नोकरामागे महिन्याला १ डॉलर ७० सेंट जास्तीचे कापले. तीन वर्षांत जमले ४३ लाख डॉलर. खर्च झाले १ लाख ५६ हजार, मागणी करणारे निघाले ७. बाकीचा पैसा पडून. मग ती वेगळी कापणीच बंद केली. उलटं टोक बघा. जॉर्जिया राज्यात ह्यूस्टन नावाची काऊंटी आहे, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी. तिथल्या शेरीफच्या कचेरीत अ‍ॅना लँग नावाची बाई नोकरीला. पारलिंगी. तिची शस्त्रक्रिया विम्यात बसत नाही म्हणाले, तिनं २०१९ मध्ये दावा लावला. एका बाईचं बिल द्यायला लागू नये म्हणून त्या काऊंटीनं वकिलांवर दहा लाख डॉलरहून जास्त उधळले. २०२२ मध्ये ती जिंकली, २०२४ मध्ये अपिलातही जिंकली, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच अपील कोर्टाच्या पूर्णपीठानं निकाल फिरवला. तिथल्या केंद्र सरकारनंही २०२६ पासून आपल्या नोकरांच्या विम्यातून हे उपचार वगळले. पैशाचा प्रश्न असता तर सात माणसांच्या हिशेबात सुटला असता. आपल्या गावात टँकरच्या पाण्याला पैसा असतो आणि दलित वस्तीच्या नळाला नसतो, त्यातलाच प्रकार.

माझं तरी बरं. मी कायम नोकरीत, महिन्याच्या एक तारखेला पगार, पतसंस्थेनं दारात उभं केलं. माझ्याबरोबरची एक होती, शाळेत माझ्या बाकावर बसायची. आठवीत घर सोडून टोळीत गेली, बाजार मागायला लागली. तिचं निर्वाण दाईनं केलं. भूल नाही, टाके नाहीत, वर गरम तेल. ती जगली, पण लघवीचा त्रास कायमचा. सरकारी दवाखान्यात गेली तर बाह्यरुग्ण खिडकीवरच्या माणसानं पुरुष का स्त्री विचारलं आणि मागच्या रांगेला हसायला मिळालं. ती परत गेली नाही. तमिळनाडूत २००८ पासून तृतीयपंथीयांचं कल्याण मंडळ आहे, सरकारी दवाखान्यात शस्त्रक्रिया फुकट होऊ लागल्या. ती तिकडे जन्मली असती तर, असं कधीकधी वाटतं. जाऊ द्या.

नोकऱ्या मिळू लागल्या आहेत असं म्हणतात. पिंपरी-चिंचवड महापालिकेनं २०२२ मध्ये तृतीयपंथी सुरक्षारक्षक आणि ग्रीन मार्शल नेमले, फोटो आले. चांगलंच झालं. पण अशी कामं बहुधा कंत्राटावरची असतात, आणि कंत्राटावरच्या माणसाला ना सत्तावीस ना पाच. नियम १९६१ त्याच्यासाठी लिहिलेलेच नाहीत. झाडूवाल्यांचं काय झालं ते आपण बघितलं आहे. माणूस तोच, झाडू तोच, ठेकेदार मधे आला आणि दवाखाना गेला. कायम नोकरीत यायचं तर आरक्षण लागतं, आणि नालसा निकालानं तृतीयपंथीयांना सामाजिक व शैक्षणिक मागास धरायला सांगितलं. मग महाराची, मांगाची, चांभाराची तृतीयपंथी पोर कुठे बसवायची? जात सोडून इकडे ये म्हणणार? म्हणून तमिळनाडूची दलित कार्यकर्ती ग्रेस बानू वर्षानुवर्षं समांतर आरक्षण मागते आहे, प्रत्येक प्रवर्गाच्या आत. कर्नाटकानं २०२१ मध्ये सरकारी नोकऱ्यांत १ टक्का तसं दिलं. आरक्षणाचं आणि बिलाचं भांडण वेगळं नाही. आधी हजेरीपटावर नाव आलं पाहिजे, मग परिशिष्टात अंग.

गेल्या जयंतीच्या आधी विहारात बैठक झाली, तिथं मी हे मांडलं. पोरं चांगली, शिकलेली. एक उठला आणि म्हणाला, "ताई, आपल्या पोरांना साध्या नोकऱ्या नाहीत, अनुशेष भरत नाहीत. आधी ते. मग हे बघू." मी त्याला काही लागेल असं बोलले नाही, कारण अनुशेषाचं त्याचं दुखणं खरं आहे, तोही नेटसेट होऊन तासिका तत्त्वावर शिकवतो. एवढंच म्हणलं, की नामांतराच्या वेळी आपल्याला हेच सांगत होते. आधी मराठवाड्याचा विकास, मग विद्यापीठाचं नाव. १९७८ ते १९९४, सोळा वर्षं लागली आणि वस्त्या जळाल्या. "आधी" आणि "मग" हे शब्द बाहेरून आपल्यावर टाकलेले आहेत, ते आपण आपल्यातल्याच कुणावर कशाला टाकायचे? तो गप्प बसला. पटलं का कंटाळला, कळलं नाही. पण चहा घेऊन माझ्याशेजारीच बसला.

आता पुढचं. आमच्या संघटनेच्या मागणीपत्रात मी एक ओळ घातली आहे. वैद्यकीय देखभाल नियमांच्या परिशिष्टात लिंगपुष्टी शस्त्रक्रिया, संप्रेरक उपचार व त्यांच्या चाचण्या समाविष्ट कराव्यात, आणि कंत्राटी कामगारांनाही त्या लागू कराव्यात. सरचिटणीसांनी ती शेवटच्या पानावर "इतर" मध्ये टाकली. वर विचारलं, अशी माणसं जिल्ह्यात किती? मी सांगितलं, विचारणाऱ्याची नजर बघून माणसं आकडा सांगतात. ते हसले. ओळ काढली मात्र नाही.

पोलीस भरतीच्या अर्जात आपल्यासाठी रकाना नव्हता. ते प्रकरण आधी मॅटमध्ये गेलं, मग डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सरकारला फटकारलं तेव्हा रकाना आला. म्हणजे रस्ता आहे. पण मॅटसमोर उभं राहायला हातात नकार लेखी लागतो. आपल्या लोकांची बिलं तोंडी परत जातात, "हे बसत नाही, जा" म्हणलं की माणूस जातो, कारण त्याला चार माणसांत जास्त वेळ उभं राहायचं नसतं. तसं करू नका. तुमच्या कचेरीत, शाळेत, नगरपालिकेत कुणी असेल तर त्याला किंवा तिला घेऊन या. रविवारी अकरानंतर मी भीमनगरच्या विहारात असते. आवक-जावक क्रमांक कसा मागायचा, त्रुटी लेखी कशी घ्यायची, कलम १५ ची प्रत कुठे जोडायची, सगळं दाखवते. कागद मी आणीन. पावत्या तेवढ्या तारखेवार लावून आणा.